काळजाच्या गोळ्या

दत्ताबाब गेले त्याला येत्या चवथीला दोन वर्षं होतील. डिचोलीच्या बाजारातली आमची फार्मसी चालू आहे, त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलते. फक्त एक शब्द मी तोंडातून काढत नाही. कुणी 'काळीज' म्हणालं की मी त्याला तिथंच थांबवते आणि डॉक्टरांचा कागद मागते. कागद नसला तर परत पाठवते. लोक म्हणतात, ही बाई तुसडी आहे. आहेच मी तुसडी. पण या बाबतीत मी अशी का झाले ते एकदा सांगून टाकायला हवं.

मी डिप्लोमा घेऊन त्या काउंटरवर उभी राहिले तेव्हा दत्ताबाबांची तिथली वीस वर्षं होऊन गेली होती. लग्न केलेलं नव्हतं. बाजारामागे दोन खोल्या, त्यात एक खाट, एक स्टोव्ह आणि औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या माहितीच्या कागदांच्या थप्प्या. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि गळ्यात काळ्या दोऱ्याने अडकवलेलं भिंग, हा त्यांचा बारमाही वेष. नवी गिऱ्हाइकं त्यांना घड्याळजी समजत.

ते भिंग कशासाठी, तर बाटलीची मागची बाजू वाचायला. हातात कुठलीही बाटली आली की आधी ती उलटी फिरवायची. पुढच्या बाजूला डोंगर, झरा, हसणारी बाई, काय वाटेल ते असो, त्यांची नजर तिकडे जायचीच नाही. "मुखाड सगळ्यांकच दिसता गो. फाट वाच," हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि नंतर इतक्या वेळा सांगितलं की मी एकदा चिडून म्हणाले, "दत्ताबाब, तुमका सोयरीक कोणें हाडली आसतली तेन्नाय तुमी चलयेक फाट करून उबी केली आसतली." मुलीलाही पाठमोरी उभं करण्याच्या या टोमण्यावर ते मनापासून हसले. "म्हणूनच सोयरीक रावली मगे," म्हणाले.

अकरा वाजता पोदेराकडचा उंडा पाव चहात बुडवून खायचे आणि चुरा शर्टावर पाडून घ्यायचे. तेवढ्या दहा मिनिटांत कुणी आलं तरी उठायचे नाहीत, पण खाता खाता तोंडी परीक्षा घ्यायचे. कोणाक जाय? कित्याक जाय? कोणें सांगलें? ही तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय काउंटरवरून साधी डोकेदुखीची गोळीही सुटत नसे. एकदा एक मुलगी लग्नाच्या आठवडाभर आधी ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूल मागायला आली. तोंडाला फोडून लावायच्या होत्या. दत्ताबाबांनी तिला पाव तास उभी केली. चेहऱ्याला आधी कधी पुरळ आलं होतं का, कुठल्या साबणाने तोंड धुतेस, हे कुणी सांगितलं. पोरगी रडकुंडीला आली. मग त्यांनी दोन कॅप्सूल दिल्या आणि म्हणाले, "एक पयलीं हाताक लाय. खाज येयना जाल्यार मागीर तोंडाक. आनी लग्नाक माका आपय." तिने खरंच आमंत्रण दिलं आणि हे खरंच गेले. परत आल्यावर मला सांगितलं, "तोंड बरें आशिल्लें."

पण त्यांची खरी खासियत होती ती 'हात दवरून दाखय' ही. ती सुरू झाली माझ्या चुकीमुळे.

मला कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. खाणीच्या ट्रकवर काम करणारा सिंधुदुर्गाकडचा एक माणूस आला. चिठ्ठी ट्रकात राहिली होती आणि ट्रक सांखळीला गेला होता. म्हणाला, "डाक्टरान सांगल्यान, काळीज सुजलासा. काळजाचे गोळये देवा." वडिलांना चालू असलेल्या हृदयाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी त्याने सोबत आणली होती, त्याच द्या म्हणाला. आमच्याकडे काळीज म्हणजे हृदय. घाबरला की काळीज धडधडतं, माया केली की काळीज भरून येतं. मी निमूट पट्टी काढायला वळले. दत्ताबाब मागून आले आणि त्या माणसाला म्हणाले, "तुजें काळीज खंय आसा तें हात दवरून दाखय."

त्याने उजव्या बरगडीच्या खाली हात ठेवला.

मटणाच्या दुकानात जे काळीज म्हणून मिळतं ते. लिव्हर. त्याच्या डॉक्टरांनी त्याला समजावं म्हणून तो शब्द वापरला होता आणि मी त्याच्या हातात हृदयाच्या गोळ्या ठेवत होते. दत्ताबाबांनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं, डॉक्टरांना फोन लावून औषधाचं नाव विचारून घेतलं. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र काउंटरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला दिसला: 'काळीज म्हटल्यावर हात ठेवून दाखवायला सांगणे.' आणि पुढची तेरा वर्षं आम्ही तो नियम पाळला. म्हाताऱ्या बायकांना त्यात मजा वाटायची. पदर सावरून, लाजत, छातीवर हात ठेवायच्या. जुन्या ख्रिस्ती गिऱ्हाइकांकडे लिव्हरला वेगळं पोर्तुगीज नाव होतं, तिथे घोळ होत नसे. घोळ आम्हा हिंदूंचाच.

दत्ताबाबांची मोठी बहीण पेडण्याला, तालुक्याच्या अगदी आतल्या एका गावात. नाव सरस्वती, गाव त्यांना सरसूबाय म्हणायचा, दत्ताबाब नुसतंच 'बाय'. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीने त्यांना वाढवलं होतं. स्वतःचं लग्न तिने त्यांचं फार्मसीचं शिक्षण संपेपर्यंत लांबवलं. पुढे तिला मूल झालं नाही. मला वाटतं, तिचं मूल दत्ताबाबच होते. दर पंधरवड्याला पेडण्याच्या बसच्या कंडक्टरकडून डबा यायचा. सोलं, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, कधी नाचण्याचं सत्त्व. डबा उघडला की दत्ताबाब आधी झाकण उलटं करून बघायचे, कारण सरसूबाय झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने काय काय आहे ते लिहून ठेवायच्या. बाटलीची मागची बाजू वाचायची सवय त्यांना कुठून लागली ते मला तेव्हा कळलं.

साडेतीनेक वर्षांपूर्वी सरसूबायचं पोट तपासताना लिव्हरवर चरबी चढल्याचं निघालं. रक्ताचे रिपोर्टही थोडे वरच होते. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन कमी करा, चाला, गोड सोडा, आणि ई जीवनसत्त्व काही महिने देऊन बघू. तुमचा भाऊ फार्मसीत आहे ना, त्याला चांगलं बघून द्यायला सांगा.

सरसूबायना चरबीचं काही वाटलं नाही. त्यांना लागला तो 'लिव्हर' हा शब्द. आमच्या खेड्यांत लिव्हर बिघडतं ते दारू पिणाऱ्याचं. ज्याचं ज्याचं लिव्हर गेलं असं कानावर येतं, तो तो काजूच्या भट्टीपाशी पडलेला लोकांनी पाहिलेला असतो. सरसूबाय भावाला फोनवर म्हणाल्या, "हांव कितें सोरो पितां? तें नांव म्हज्या घरांत काडूं नाका. शेजारीण वंयचेर कान लावन आसता." दत्ताबाबांनी खूप समजावलं, न पिणाऱ्यांनाही होतं, हल्ली फार होतं. पण बाईंनी ऐकलं नाही. शेवटी दत्ताबाबच म्हणाले, "बरें. आमी ताका काळीज म्हणूंया. बोकड्याचें काळीज आसता न्ही, तें. कोणाक कळचें ना."

मी शेजारीच उभी होते. मला तेव्हा हसू आलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

मग दत्ताबाबांनी बहिणीसाठी ई जीवनसत्त्व निवडायला घेतलं. एखादा बाप मुलीला स्थळ बघतो तसं ते चाललं होतं. एकूण तीन बाटल्या समोर मांडल्या. एक कुवेतहून कुणीतरी आणून दिलेली, भली मोठी, सोनेरी झाकणाची. ती भिंग लावून वाचली आणि बाजूला सारली. "एकेका कॅप्सुलांत इतलें घालां! बाय कितें घोडो?" दुसरीवर जीवनसत्त्वाच्या रासायनिक नावात अल्फाच्या आधी 'डीएल' लिहिलेलं होतं. मला म्हणाले, हे कारखान्यात बनवलेलं, वाईट नाही, पण अर्धंच कामाचं. तिसरीवर नुसतं 'डी'. नैसर्गिक, वनस्पतीच्या तेलातून काढलेलं. त्यात दुसऱ्या कसल्या शक्तीच्या औषधांची भेसळ नव्हती, प्रमाण स्पष्ट लिहिलं होतं, तारीख लांबची होती. तरी त्यांनी म्हापशाच्या डॉक्टरांना फोन करून किती द्यायचं ते विचारलं. बहिणीला विचारलं, मधुमेह नाही ना, रक्त पातळ करायचं औषध चालू नाही ना. कारण ई जीवनसत्त्व जास्त झालं तर रक्त नीट गोठत नाही, आणि त्यात ते औषध असलं तर धोका. ते नव्हतं. सगळं विचारून झाल्यावर आठ दिवस त्यातली एकेक कॅप्सूल स्वतः खाल्ली, पोटाला त्रास होतो का बघायला.

"तुमचें लिव्हर तरी सुदारतलें," मी चिडवलं.

"बायन खावपाचें तें म्हाका पयलीं कळूंक जाय," म्हणाले. आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दुपारी जेवल्यावर एक. पयलीं चलप, मागीर गुळी.

सरसूबाय चालू लागल्या. पाच महिन्यांत रिपोर्ट खाली आले. फोनवर दोघं 'काळीज बरें आसा' म्हणायची आणि हसायची, शाळेतल्या पोरांनी चोरटी भाषा करावी तसं. भावोजी, म्हणजे सरसूबायचे यजमान, शेतकरी माणूस. त्यांना यातलं काही कळायचं नाही. त्यांना एवढंच माहीत होतं, की दत्ता देतो ते चांगलं असतं.

सहाव्या महिन्यात सरसूबाय लिव्हरच्या तपासणीला गेल्या. डॉक्टरांनी मनगट धरलं तर नाडी वेडीवाकडी चालत होती. त्यांनी तिथल्या तिथे हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे ईसीजी काढला. ठोक्यांची लय बिघडली होती, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. दुसरं काही घेता का, असं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, काही नाही, भाऊ शक्तीचं देतो. गोळ्या त्यांनी तिथूनच घेतल्या.

संध्याकाळी त्यांनी भावाला फोन केला. काउंटरवर गर्दी होती. दत्ताबाबांनी फोन खांद्याने कानाशी धरला होता आणि हाताने पट्ट्या कापत होते. त्यांचं बोलणं मी ऐकलं. "गेल्लें? कितें म्हणलो दोतोर?... काळजाच्यो गुळ्यो दिल्यो? बरें जालें. वेळार घे... म्हज्योय सोडूं नाका आं, त्योय घे."

इतकंच. बाईंनी या वेळी काळीज म्हटलं ते खरं काळीज, आईकडून शिकलेलं, छातीतलं. यांनी ऐकलं ते दोघांचं चोरटं. समोर असत्या तर दत्ताबाबांनी नक्की म्हटलं असतं, बाय, हात दवरून दाखय. फोनवर हात दिसत नाही.

दीड महिन्याने सरसूबाय सकाळी विहिरीकडे जाताना अंगणातच कोसळल्या. डोक्यात रक्तस्राव झाला होता. त्यांना म्हापशाहून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर दत्ताबाब वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते. गळ्यात भिंग होतं. मांडीवर बहिणीची फाईल उघडी होती. ती त्यांनी माझ्याकडे दिली.

"वाच."

मी गोळीचं नाव वाचलं.

"कित्याची ती?"

मी म्हणाले, "रगत पातळ करपाची."

"म्हणजे काळजाची," ते म्हणाले. "बायन सारकेंच सांगिल्लें."

तिसऱ्या दिवशी सरसूबाय गेल्या. डॉक्टरांनी दत्ताबाबांना समोर बसवून सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, नुसत्या त्या गोळीनेही असं होऊ शकतं, कॅप्सूलचा भाग असेल किंवा नसेल, कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मी ते शब्द घट्ट धरून ठेवले, पुढे कितीतरी दिवस त्यांना ऐकवत राहिले. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "सुनंदा, तूं गिरायकाक असें सांगतली आशिल्ली?" मग मी ते बोलणं बंद केलं.

दुकानात यायचे, पण काउंटरवर उभे राहायचे नाहीत. मागे खोकी मोजत बसायचे. आतला तो कागद त्यांनी काढला नाही, मीच काढला, आणि त्यांनी विचारलंही नाही. पण त्यांना खरं खात होतं ते वेगळं. भावोजींना काही माहीत नव्हतं. बारावं झालं, महिना झाला, यांच्या तोंडातून शब्द निघाला नाही. आणि भावोजी रोज संध्याकाळी फोन करायचे. त्यांना ब्लडप्रेशर होतं, गोळ्यांची व्यवस्था आजवर बायको बघायची. आता ते दत्ताबाबांना विचारायचे, ही धवी गुळी आतां घेवं काय जेवून? दत्ताबाब फोन माझ्याकडे द्यायचे. मी सांगायचे. फोन ठेवल्यावर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. त्या माणसाचा विश्वास त्यांना सोसत नव्हता.

शेवटी एका रविवारी सकाळी माझ्या दारात आले. "पेडण्यां वतां. भावोजीक सांगूंक जाय. तूं वांगडा यो, ना जाल्यार हांव म्हापशांतल्यान परततलों."

आम्ही गेलो. भावोजींनी आम्ही येणार म्हणून स्वतः भात आणि माशांचं हुमण केलं होतं. नारळ जाडाभरडा वाटला होता, बाईचा हात हरवलेलं ते स्वयंपाकघर लगेच ओळखू येत होतं. आम्हाला पाणी दिलं. दत्ताबाब बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. लिव्हर, काळीज, फोन, दोन्ही गोळ्या. आणि शेवटी म्हणाले, "भावोजी, बायक हांवें मारली."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असंच मला वाटत होतं. अंगावर धावून जावं, घराबाहेर काढावं, म्हणजे या माणसाला काहीतरी भोगून संपवता येईल. पण भावोजी उठले, मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी मायेने त्यांची समजूत काढली.

"अशें म्हणूं नाका रे दत्ता. वखद तिका केन्नाच आवडूंक ना. म्हापश्याच्या दोतोराच्यो गुळ्यो ती दोन दीस घेताली आनी सोडटाली. त्योय सोडटाली आशिल्ली. तुवें सांगलें घे म्हूण, तेन्ना घेतल्यो. एक दीस चुकलो ना. तुज्या हातचें म्हण ती घेताली."

भावोजींना कळलंच नाही आपण काय बोललो ते. त्यांना वाटलं, आपण प्रेमाचं सांगितलं. आणि ते होतंही प्रेमाचंच. मी दत्ताबाबांकडे बघितलं आणि पुन्हा बघवलं नाही. म्हणजे रक्त पातळ करायची ती गोळी तिने आपणहून सोडली असती. वाचली असती कदाचित. भावाचा शब्द होता म्हणून तिने दोन्ही गोळ्या घेतल्या, एक दिवस न चुकता.

"चल, जेवया," भावोजी म्हणाले.

दत्ताबाब जेवायला बसले. वाढलं ते सगळं खाल्लं, भात परत मागून घेतला. भावोजींना बरं वाटलं. बसची वेळ झाली तेव्हा मी पिशवी उचलली, तर ते म्हणाले, "तूं वच. हांव हांगाच रावतां. भावोजीच्यो गुळ्यो कोणें तरी पळोवंक जाय." ते तिथेच राहिले, आणि सात महिन्यांनी तिथेच गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. आमच्याकडचा शब्द मला इथे लिहवत नाही.

त्या दिवशी निघताना मी चपला घालता घालता मागे वळून बघितलं, मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. परसात भावोजी तांब्याने पाणी ओतत होते आणि दत्ताबाब उकिडवे बसून ताटं घासत होते. आमची तिन्ही ताटं घासून झाली. मग ते आत गेले, मांडणीवरून सरसूबायचं ताट घेऊन आले, आणि ते स्वच्छ ताट त्यांनी राखेने घासायला घेतलं. भावोजी पाणी ओतत राहिले.